दोन सूर्यांची राणी

एका राज्यात रोज सकाळी दोन सूर्य उगवत, आणि ही गोष्ट एकट्या राणीला ठाऊक होती.

बाकीच्या प्रजेला सूर्य एकच दिसे. प्रजेचं बरं असतं. राणीला मात्र एकाच्या डोक्यावर दुसरा, जरा तिरका, असे दोन सूर्य दिसत. समईला दुप्पट ज्योती, प्रधानाला दोन नाकं, जिन्याला नसलेल्या पायऱ्या. खरी पायरी कुठली आणि खोटी कुठली, हे पाय टाकल्यावरच कळायचं. तुम्ही-आम्ही चाचपडत उतरलो असतो. पण राणीनं चाचपडायचं नसतं. म्हणून ती जीव मुठीत धरून, चेहऱ्यावर काही न दाखवता उतरायची.

राणीचं नाव कनकलेखा. तिचा नवरा, राजा धर्मकेतू, घोड्यासकट खंदकात पडून मेला होता. कसलेला स्वार, मोकळं मैदान, पायाखालचा खंदक, तरी पडला. लोक म्हणाले, नशीब. नशीब म्हटलं की विचार करायचं काम वाचतं. युवराज वीरकेतू अजून बोबडं बोलत होता, म्हणून त्याच्या वतीनं राणी गादीवर बसली. बसली, आणि थोड्याच दिवसांत तिला एकाचे दोन दिसू लागले.

सकाळी कमी, सांज होईतो जास्त. मान उजवीकडे कलती केली की दोन्ही चित्रं जराशी जवळ येत, म्हणून राणी मान कलती ठेवून दरबारात बसू लागली. दरबाऱ्यांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, ही नवी राजरीत असावी. मग प्रधानाची मान कलली, सेनापतीची कलली, चवरी ढाळणाऱ्यांचीसुद्धा कलली. सगळा दरबार वाऱ्यावरच्या ज्वारीसारखा एका अंगाला झुकलेला! पण 'राणीसाहेब, मान दुखते का?' असं एका शहाण्यानं विचारलं नाही.

राणीनं तरी का सांगू नये? सांगते. त्या राज्याचा कायदा होता की ज्याच्या अंगात व्यंग, त्याला गादी नाही आणि त्याच्या लेकरालाही नाही. अशा लेकराला वेशीबाहेरच्या रानात नेऊन सोडत, म्हणजे पुढं कुणी हक्क सांगायला नको. राणीनं एकदा जेवताना घास पुढं केला, तो पोराच्या तोंडाला न जाता हवेत गेला. वीरकेतू हसून म्हणाला, "आई, मी इथं आहे." राणीही हसली. मग ती उठून आत गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

पण खरी भीती याहून मोठी होती. त्या राज्यात युवराजाचं जावळ न्हावी काढत नसे. गादीवर बसलेल्या आईनं किंवा बापानं, भर दरबारात, राजखड्गाच्या एका घावात ते काढायचं. डोक्याला हात लावायचा नाही. फक्त तलवार आणि केस. आणि ते खड्ग असं, की म्यानातून निघालं म्हणजे काम केल्याशिवाय म्यानात परत जात नसे. जोशीबुवांनी मुहूर्त काढून ठेवला होता. राणीला आपल्या लेकराची दोन डोकी दिसत होती, एकावर एक. तलवार कुठल्या डोक्यावरून फिरवायची?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. राणीनं म्हाताऱ्या दाईला, भागाक्काला, विश्वासात घेतलं. भागाक्कानं गेलेल्या राजालाही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती म्हणाली, "बाईसाहेब, दुखणं लपवलं तर वाढतं. नाव न सांगता विचारू."

राणीवशातल्या बायका परपुरुषाला तोंड दाखवत नसत. राणी पडद्याआड बसली. भागाक्कानं तिच्या मनगटाला रेशमी दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक पडद्याबाहेर राजवैद्यांच्या हाती दिलं. "वाड्यातल्या एका बाईला एकाचे दोन दिसतात," ती म्हणाली. राजवैद्यांनी डोळे मिटून दोरा बराच वेळ चिमटीत धरला.

"उष्णता," ते म्हणाले. "टाळूवर लोणी ठेवा. आणि डोळ्यांत काजळ जरा जास्त घाला."

लोणी ठेवलं, काजळ वाढवलं. दोनाचे दोनच राहिले, उलट आणखी लांब सरकले.

मग मांत्रिकाला बोलावलं. त्यानं दोरा हुंगला. "पाहणारं आणखी कुणीतरी अंगात शिरलं आहे," तो म्हणाला. "लिंबू उतरवा. काजळाचं बोट ठसठशीत ओढा."

लिंबू उतरवलं, काजळ ठसठशीत ओढलं. सांजेला राणीला तिसराच दिवा दिसल्याचा भास झाला.

शेवटी शास्त्रीबुवा आले. त्यांनी दोऱ्याला हातही लावला नाही. "बाईला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "सगळे मनाचे खेळ. घरात दुःख घडलं असेल, झोप लागत नसेल. देवाचं नाव घ्यावं, नेटकं काजळ घालावं, प्रसन्न राहावं."

प्रसन्न राहावं म्हणे! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं. तिघेही ज्ञानी होते हो, मी नाही म्हणत नाही. पण डोळ्याचं दुखणं, आणि तिघांतल्या एकानंही डोळा पाहिला नाही.

त्या दुपारी राणी सज्जात पाखरांना दाणे टाकत होती. कठड्यावर एक साळुंकी होती. राणीला दोन दिसत होत्या.

साळुंकी म्हणाली, "राणी, तू माझ्या शेजारच्या हवेला दाणे घालतेस."

राणीच्या हातातली वाटी खाली पडली. "कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"सांगून मला काय मिळायचंय? दरीपलीकडं तुंगाई राहते. ती चेटकीण आहे, तोंडानं तिखट आहे. पण ती आधी बघते आणि मग बोलते. येतेस?"

"येते."

"लपतछपत ये. तुझ्या दिराची माणसं वाटेवर आहेत."

दीर म्हणजे वज्रबाहू, गेलेल्या राजाचा धाकटा भाऊ. राणीचं काहीतरी बिनसलंय, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. राणी भागाक्काचं जुनेर नेसून, डोईवर गवताचा भारा घेऊन बाहेर पडली. साळुंकी पुढं, राणी मागं. पायवाटा दोन दिसत होत्या; राणी पाखराच्या आवाजावर चालली. ठेचा लागल्या, कोपर फुटलं. एकदा तर ती कड्याच्या अगदी टोकाशी गेली, आणि साळुंकी तिच्या तोंडावर पंख आपटून किंचाळली तेव्हा कुठं मागं झाली.

दरीवर एकच लाकूड आडवं टाकलेलं होतं. खाली पाणी दगडांवर आदळत होतं. पलीकडे तुंगाई उभी होती, लांबसडक हात, कपाळभर कुंकू.

"नाव नको, गाव नको," ती ओरडली. "तीन कामं सांगते, ती कर. पहिलं काम. उजवा डोळा झाक आणि इकडं ये."

राणीनं उजव्या डोळ्यावर पदर धरला. लाकूड एक झालं. किती लांब, किती जवळ ते नीट कळेना, पण होतं एकच. पाय घासत घासत ती पलीकडे गेली.

"दुसरं काम. आता डावा झाक आणि परत जा."

राणीनं डावा झाकला. लाकूड पुन्हा एकच. ती परत गेली. घामानं तिची चोळी भिजली होती.

"तिसरं काम. दोन्ही डोळे उघड आणि ये."

राणीनं पदर सोडला. दरीवर दोन लाकडं झाली, एक खाली, एक वर. तिनं पाऊल उचललं आणि तसंच मागं घेतलं.

"ये की!"

"नाही येत."

"का? राणी ना तू? घाबरलीस?"

"घाबरले!" राणी ओरडली. तिचा आवाज दरीत घुमला. "मला दोन दिसतात! सगळं दोन दिसतं! कुठलं खरं ते मला कळत नाही, आणि मला माझ्या पोराच्या डोक्यावर तलवार चालवायची आहे!"

एवढे दिवस दातांखाली धरलेलं बोलणं बाहेर पडलं, आणि राणी मटकन खाली बसली. तुंगाई मग स्वतःच लाकडावरून चालत आली. तिनं राणीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला.

"बैलजोडी पाहिली आहेस? तुझे दोन्ही बैल धडधाकट आहेत. जू निखळलंय. एकेकटा डोळा नीट बघतो. जोडीनं बघायचं म्हटलं की एक भलतीकडे जातो. वेड लागलेलं नाही तुला, आणि मनाचे खेळही नाहीत. कुठला मिटला की वरचं लाकूड जातं?"

"डावा."

"मग डावाच ओढला जातोय, खाली, जमिनीच्या दिशेला. डोळा खाली खेचला की चित्र वर चढतं. या डोळ्यात काय घालतेस?"

"काही नाही."

"आठव."

"काहीच नाही. सगळ्या बायका घालतात तेवढं."

साळुंकी एक डोळा वळवून राणीकडे बघत होती. ती म्हणाली, "काजळ. उजव्या डोळ्यातलं काळं आहे. डाव्यातलं निळसर."

राणी म्हणाली, "ते राजांजन. बंद तळघरात खजिन्यापाशी दिवा जळतो, त्याची झरोक्यातून वर येणारी काजळी. गादीवर बसणाऱ्यानं रोज डाव्या डोळ्यात घालायची, अशी रीत आहे. ते शुभ असतं."

"शुभ!" तुंगाई थुंकली. "शुभ म्हणून कुणी संशय घेत नाही, आणि शुभ म्हणून कुणी सांगतही नाही. ऐक. तुझ्या नवऱ्याच्या मूळपुरुषानं लुटीचं धन जमिनीत पुरलं आणि एका मांत्रिकाकडून बांधून घेतलं. पुरलेल्या धनाला राखण लागते. मांत्रिकानं राखणीला राजाचा एक डोळा लावून दिला. तुझा डावा डोळा रात्रंदिवस खजिन्याकडे बघतोय. जेवढं अंजन घालशील, तेवढा घट्ट बांधला जाईल."

राणी म्हणाली, "म्हणजे माझ्या आधी जे गादीवर होते..."

"त्यांनाही दोनच दिसत. तुझ्या नवऱ्यालाही. खंदकाच्या काठावर त्याला दोन कडा दिसल्या. त्यानं वरच्या कडेवरून घोडा उडवला."

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही," राणी म्हणाली. तिला आधी राग आला आणि मग रडू आलं. "एका ताटात जेवलो आम्ही. मला का नाही सांगितलं?"

"तू कुणाला सांगितलंस?" तुंगाई म्हणाली.

तुंगाईनं तिचा डोळा शेळीच्या दुधानं धुतला. मग म्हणाली, "अंजन गेलं, पण ओढ जायची नाही. ते धन वर काढून उन्हात, चारचौघांत मांडायला हवं. सगळे बघू लागले की त्याला राखणदार लागत नाही. पण तळघराचं दार दर पिढीला एकदाच आपोआप उघडतं, युवराजाचं जावळ उतरल्यावर. तेव्हा धनाला नवा डोळा हवा असतो."

"कुणाचा?"

"तुझ्या पोराचा. जावळानंतर त्याच्या डोळ्यात पहिलं अंजन घालतात ना?"

राणी उठली. भारा तिथंच टाकून ती आली त्या वाटेनं निघाली.

मुहूर्ताची सकाळ उजाडली. भागाक्का काजळाची डबी घेऊन आली तेव्हा राणीनं तिचं मनगट धरलं आणि सगळं सांगितलं. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. धर्मकेतूच्या डोळ्यात रोज अंजन घालणारं बोट तिचंच होतं.

"माझ्याच हातानं?" ती म्हणाली. "बाईसाहेब, माझ्याच हातानं?"

"मायेनं घातलंस, आक्का. तुला कुणी सांगितलं नव्हतं. आता रडू नकोस, मला तुझं लुगडं फाडून एक पट्टी दे."

चौकात दरबार भरला. सगळ्यांच्या माना एका अंगाला कललेल्या. मधोमध चौरंगावर वीरकेतू, कुरळं जावळ मानेवर रुळतंय. राणीला चौरंग दोन दिसले, पोरं दोन दिसली. पुरोहितांनी खड्ग पुढं केलं. राणीनं ते म्यानातून उपसलं आणि पातं माशीसारखं गुणगुणू लागलं. आता परतीची वाट नव्हती.

राणीनं पदराआड कपाळाला बांधलेली पट्टी दुसऱ्या हातानं भर दरबारात डाव्या डोळ्यावर ओढली.

कुजबुज उठली. वज्रबाहू पुढं आला. "वहिनीसाहेब, हे काय?"

"भाऊजी, मला एकाचे दोन दिसतात. एक डोळा झाकला की एकच दिसतं."

"म्हणजे व्यंग आहे. कायदा आपल्याला ठाऊक आहे. खड्ग खाली ठेवा."

"ते आता खाली राहणार नाही. आणि कायदा सांगताय, तर हेही ऐका. तुमचे दादा नशिबानं मेले नाहीत. त्यांना खंदक दोन दिसले. याच दुखण्यानं. तुमच्या याच कायद्याच्या भीतीनं त्यांनी तोंड उघडलं नाही."

वज्रबाहूचा हात तलवारीच्या मुठीवर होता. तो तिथंच थांबला. त्याला आठवलं, शेवटच्या वर्षात दादा प्रत्येक ओढ्यापाशी म्हणायचा, 'तू पुढं हो, मी तुझ्या मागून येतो.' त्याला वाटायचं, दादा आपल्याला मान देतोय. वज्रबाहूनं खाली पाहिलं, आणि तो दोन पावलं मागं सरला.

राणी चौरंगापाशी गेली. आता पोर एकच होतं. पण एका डोळ्याला लांब-जवळ कळत नाही. पातं केसांपासून वीतभर दूर आहे की बोटभर, हे तिला दिसेना. तिनं डावा हात पुढं केला.

"हात लावायचा नाही!" पुरोहित ओरडले. "रीत नाही!"

"रीत मेली!" राणी म्हणाली. तिनं पोराचं जावळ टाळूलगत मुठीत घट्ट आवळलं. आता तिला ठाऊक होतं की मुठीखाली डोकं आहे आणि मुठीवर केस. चूक झाली तर आधी आपली बोटं जातील.

"आई, दुखतंय," वीरकेतू म्हणाला.

"हलू नकोस, माझ्या राजा. श्वास धर."

खड्ग फिरलं. चौरंगावर रक्ताचे थेंब पडले, आणि भागाक्कानं किंकाळी फोडली. राणीनं मूठ उघडली. मुठीवरचं जावळ चौरंगावर पडलं होतं. दोन बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून निघाली होती. रक्त तिचं होतं.

"झालं?" पोरानं विचारलं.

"झालं," राणी म्हणाली, आणि तिनं त्याचं डोकं सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिलं. भर दरबारात, दोन्ही हातांनी, कुणाची पर्वा न करता.

तोच जमीन करकरली. चौकातली फरशी बाजूला झाली, तळघराचं दार उघडलं, आणि आतून गार वारा आला. पुरोहित अंजनाची वाटी घेऊन युवराजाकडे निघाले. राणीनं ती हिसकावली आणि मातीत पालथी घातली.

"खाली जे आहे ते वर आणा," ती म्हणाली. "सगळं. या चौकात, या उन्हात. आणि वेशीपर्यंत दवंडी पिटा, ज्याला बघायचं त्यानं येऊन बघा."

कुणी हलेना. मग वज्रबाहूनं शेला कमरेला बांधला आणि पहिला तोच खाली उतरला. हंडे आले, मोहरा आल्या, काळवंडलेले मुकुट आले. कुंभार आले, कोष्टी आले, लेकुरवाळ्या बाया आल्या, आणि सगळे डोळे भरून बघत राहिले. त्या धनाकडे इतक्या डोळ्यांनी कधी कुणी पाहिलं नव्हतं. ऊन चढलं तसा तळघरातला दिवा आपोआप विझला, आणि वर आलेला धूर वाऱ्यावर निघून गेला.

राणीनं पट्टी सोडली. तिला अजून दोन पोरं दिसत होती. मग वरचं पोर हळूहळू खाली उतरू लागलं, खालच्याच्या अंगाला लागलं, त्याच्यात मिसळलं. चौरंगावर एक आखूड केसांचं, कंटाळलेलं, भुकेलं पोर बसलं होतं. राणीनं त्याला उचललं आणि ती हुंदके देऊन रडली, आपल्या माणसासाठी, जो एकट्यानं दोन खंदक बघत मेला.

धनाचे पूल झाले, विहिरी झाल्या. व्यंगाचा कायदा राणीनं मोडला आणि नवी रीत घातली: वर्षातून एकदा गादीवर बसणाऱ्यानं आपलं दुखणं सगळ्यांसमोर सांगायचं. पहिल्या वर्षी राणी उभी राहिली आणि म्हणाली, "सांजेला अजून कधीकधी डावा डोळा दमतो."

मग वज्रबाहू उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून."

"कुणाला ठाऊक होतं, भाऊजी?"

"कुणालाच नाही."

राणीनं आपल्या डाव्या हाताशी जागा करून दिली. "मग इथं बसा," ती म्हणाली. "म्हणजे मी तुमच्या उजव्या कानाशी बोलेन." वज्रबाहू आपली जागा सोडून तिथं येऊन बसला, आणि त्या दिवशीचा दरबार फार उशिरापर्यंत चालला, कारण त्याच्यानंतर बोलायला एकेक करून सगळेच उठले.